सवलतीची पाटी आणि ग्रॅमचा भाव

समजा, गुलमंडीवर आपण खरेदीस गेलो आणि एका दुकानात पाटी दिसली : ‘तीन वड्या घ्या, १८ रुपये वाचवा!’ साबणाची सुटी वडी ३० रुपयांना, तिघींचा पुडा ७२ रुपयांना. सौदा बरा वाटतो. पण सुटी वडी १०० ग्रॅमची, पुड्यातली मात्र ७५ ग्रॅमची! म्हणजे ग्रॅमला ३० ऐवजी ३२ पैसे पडले. २०२१ साली नियमांत दुरुस्ती होऊन वेष्टनावर ग्रॅमचा किंवा किलोचा भावही छापण्याचे ठरले. पण पाटी ठळक आणि हा भाव बारीक, तोवर सवलतीला न्याय्य कसे म्हणावे? गुरुजींनी रिकामी वेष्टने वर्गात आणून हेच त्रैराशिक शिकवावे. मुलांच्या घरचे कष्टाचे चार पैसे वाचतील.