तीन दोऱ्यांचा कंदील

गेल्या दिवाळीत दुबईतल्या आमच्या बाल्कनीत आकाशकंदील टांगला: छताच्या तीन हुकांना तीन सारख्या दोऱ्या. उंच दिसावा म्हणून त्या जवळजवळ आडव्या ताणल्या, एक तुटली.

"आई, वजन तर ६०० ग्रॅमच!" लेक म्हणाली.

गणिताची शिक्षिका होते मी. सहा वर्षांनी पुन्हा पेन्सिल हाती घेतली. वस्तू स्थिर राहायला पूर्व-पश्चिम, उत्तर-दक्षिण, वर-खाली अशा तिन्ही दिशांत बलांची बेरीज शून्य हवी. तिन्ही दोऱ्यांची आडवी ओढ एकमेकींत फिटते. वजन पेलतो फक्त उभा भाग. उभ्या रेषेशी कोन ६० अंश असेल तर प्रत्येक दोरीवर ४०० ग्रॅम वजनाइतका ताण. ८० अंशांना सुमारे ११५०!

दोऱ्या लांब केल्या. कंदील खाली आला, पण टिकला.

"माझ्या मैत्रिणींनाही शिकवशील?" लेकीने विचारलं. आता दर शनिवारी पाचजणी येतात.