पहिल्या क्रमांकाचे उत्तर

मणिकर्णिका घाटामागच्या गल्लीत लाकडाच्या वखारी आहेत. रात्र असो वा पहाट, तेथील काटा थांबत नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका वखारवाल्याशी तासभर बोलून मी हिंदीत एक टिपण लिहिले होते. चितेला साधारण किती लाकूड लागते, आंब्याच्या आणि चंदनाच्या लाकडात फरक किती, मणाचा भाव काय, असे त्याचे स्वरूप होते. भाव त्या माणसाने त्या दुपारी सांगितला तोच लिहिला. शेजारच्या वखारीत जाऊन विचारण्याची तसदी मी घेतली नाही. टिपण इंटरनेटवर टाकले आणि विसरून गेलो.

गेल्या हिवाळ्यात त्याच गल्लीतून जाताना मोठ्या आवाजातील बोलणे कानी पडले. बिहारमधील कैमूर जिल्ह्यातून वडिलांचे पार्थिव घेऊन आलेला एक तरुण वखारवाल्याला मोबाइल दाखवत होता. पडद्यावर लाकडाचा भाव होता आणि भावाखालचे शब्द माझे होते. त्या आकड्यावर हिशेब करून त्याने घरून पैसे आणले होते. ते पुरत नव्हते. गावाकडच्या नातेवाइकाने पैसे पाठवेपर्यंत तिरडी दोन तास पायऱ्यांवर थांबली.

वखारवाल्याने मला ओळखले. तो रागावला नाही, हेच अधिक बोचले. ‘‘भाईसाहेब, त्या दिवशी तुम्ही माझ्याकडून एक काडीही विकत घेतली नाहीत आणि आता लोक तुमचीच पावती मला दाखवतात,’’ एवढेच तो म्हणाला. मी त्या तरुणाची क्षमा मागितली. तो आकडा जुना, एकाच माणसाने सांगितलेला आहे, असे समजावू लागलो. त्याने शांतपणे उत्तर दिले, ‘‘पण सगळ्यात वर तेच येतं.’’

या वाक्यातला विश्वास अडाणीपणाचा नव्हे. १९९८ साली सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी जी पद्धत मांडली, तिचा पायाच मुळी असा होता की, एखाद्या पानाकडे इतर पाने बोट दाखवत असतील तर तो त्या पानाला मिळालेला कौल समजावा; आणि बोट दाखवणारा स्वतः वजनदार असेल तर कौलही वजनदार धरावा. विद्वानांच्या निबंधांत एकमेकांचे संदर्भ दिले जातात, त्यावरून सुचलेली ही कल्पना. आज क्रमवारी ठरवताना इतरही असंख्य गोष्टी पाहिल्या जातात. मात्र मजकूर खरा आहे की नाही हे पडताळण्यासाठी कोणी वखारीत जात नाही. माझ्या टिपणाला स्पर्धकच नव्हता. ज्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या कोणी लिहिलेलेच नाही, तेथे पहिला क्रमांक जिंकावा लागत नाही. तो पडून असतो.

वर दिसणाऱ्या मजकुराचे वजन किती असते, याचा एक प्रयोग आपल्याच देशात झाला आहे. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात रॉबर्ट एप्स्टाइन आणि रोनाल्ड रॉबर्टसन या अमेरिकी संशोधकांनी भारतातील २,१५० अनिर्णित मतदारांना एक बनावट शोधयंत्र वापरायला दिले. राहुल गांधी, अरविंद केजरीवाल आणि नरेंद्र मोदी यांच्याविषयीचा मजकूर सर्वांना सारखाच होता. फक्त त्याचा क्रम वेगवेगळा होता. पक्षपाती क्रमवारीमुळे अनिर्णित मतदारांचा कल वीस टक्के किंवा त्याहून अधिक बदलू शकतो आणि बहुतेकांना हा पक्षपात जाणवतही नाही, असा निष्कर्ष त्यांनी आपल्या विविध प्रयोगांवरून २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. या तिघांपैकी दोघे तेव्हा वाराणसीतच एकमेकांसमोर उभे होते. येथील निकाल ३,७१,७८४ मतांच्या फरकाने लागला; तो शोधयंत्राने फिरवला असे कोणी म्हणणार नाही. आपण क्रमवारीत मुद्दाम फेरफार करत असल्याचा आरोप गूगलनेही फेटाळला आहे. प्रयोगशाळेतील आकडा मतपेटीला जसाच्या तसा लावता येत नाही, हेही खरे. पण काही हजार मतांवर निकाल ठरणारे मतदारसंघ या देशात थोडे नाहीत. मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत प्रचार थांबवणारा लोकप्रतिनिधित्व कायदा सभा, मिरवणुका आणि दूरचित्रवाणी यांचा विचार करून लिहिलेला आहे. त्या ४८ तासांतही क्रमवारी चालूच राहते.

मुद्दाम केलेला फेरफार निदान पकडता येतो. २००३ मध्ये काही हौशी अमेरिकी लेखकांनी संगनमताने एक हेटाळणीचा शब्दप्रयोग अध्यक्ष बुश यांच्या अधिकृत परिचयपृष्ठाशी जोडून दाखवला होता. २००७ मध्ये गूगलने गणितात बदल करून तो खेळ मोडला. योगायोगाला मात्र कट करणारा कोणी नसतो. जून २०१५ मध्ये गुन्हेगारांची छायाचित्रे शोधणाऱ्यांना वाराणसीच्या खासदारांचे, म्हणजे पंतप्रधानांचे, छायाचित्र दिसू लागले. जून २०२१ मध्ये भारतातील सर्वांत कुरूप भाषा कोणती, या मुळातच असभ्य प्रश्नाला ‘कन्नड’ असे उत्तर ठळक चौकटीत झळकले. त्याचा उगम होता एका अपरिचित संकेतस्थळावर. कर्नाटकात संताप उसळला, एका मंत्र्याने कायदेशीर नोटिशीची भाषा केली. दोन्ही वेळा गूगलने क्षमा मागितली आणि दोन्ही वेळा स्पष्टीकरण जवळजवळ एकच होते: इंटरनेटवर मजकुराचे वर्णन जसे केलेले असते, त्यातून कधीकधी अनपेक्षित उत्तरे येतात, ते कंपनीचे मत नव्हे. हे स्पष्टीकरण खोटे नाही. पण मत कंपनीचे नाही आणि लिहिणाऱ्याला त्याच्या शब्दांचे पुढे काय झाले याची खबर नाही, तर जाब विचारायचा कोणाला?

माझे बालपण ब्रह्मघाटाजवळच्या मराठी वस्तीत गेले. तेथे बाबूराव विष्णू पराडकरांचे नाव आदराने घेतले जाई. काशीत जन्मलेल्या या मराठी माणसाने ‘आज’ या दैनिकातून हिंदी पत्रकारिता घडवली. पहिल्या पानावर काय छापायचे ते संपादक ठरवी आणि चुकला तर वाचक थेट कचेरीत येऊन भांडे. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक अंकावर मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे छापणे बंधनकारक केले होते. तो इंग्रजांनी पाळत ठेवण्यासाठी केलेला कायदा, हे मला ठाऊक आहे. पण त्या नावांचा उपयोग वाचकालाही झाला. शोधयंत्रे मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ खाली मध्यस्थ ठरतात. दुसऱ्याच्या मजकुराची जबाबदारी, काही अटी पाळल्यास, त्यांच्यावर येत नाही. २०१८ मध्ये स्पर्धा आयोगाने गूगलला क्रमवारीतील पक्षपाताबद्दल १३५.८६ कोटी रुपयांचा दंड केला, पण तो व्यापारातील स्पर्धेचा प्रश्न होता.

क्रमवारी सरकारने ठरवावी, असे मला मुळीच वाटत नाही. तो उपाय रोगापेक्षा घातक ठरेल. माझे बोट दुसरीकडे आहे. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ सांगते की, सार्वजनिक कार्यालयांनी अर्जाची वाट न पाहता माहिती स्वतःहून, स्थानिक भाषेत आणि प्रभावी माध्यमातून द्यावी. हा कायदा २००५ चा आहे. तरीही कार्यालयांचे आदेश आणि दरपत्रके कित्येकदा शिक्क्यांसह काढलेल्या, वाकड्या छायाप्रतींच्या रूपात चढवली जातात. त्यांतली अक्षरे माणसाला कष्टाने लागतात, मग यंत्राची काय कथा! वखारीचा भाव सरकार ठरवत नसेल, पण हजारो कुटुंबे ज्या घाटावर येतात तेथे आज काय खर्च येतो, विद्युतदाहिनी सुरू आहे की बंद, एवढे रोज चार ओळींत सांगणे अवघड नाही. या चार ओळी नसतात म्हणून माझे एका दुपारचे टिपण वर चढून बसते.

त्या रात्री मी टिपणातून आकडा काढून टाकला आणि तारीख घातली. येथेही तो देत नाही. हा मजकूरही उद्या कोणाच्या तरी मोबाइलवर वर येईल. मूळ आकडा मात्र गेलेला नाही. दरम्यान कोणी तो आपापल्या लेखांत उतरवून घेतला होता आणि ते लेख आता माझ्या वर दिसतात. वखारवाल्याने काट्याजवळ एक पाटी टांगली आहे. रोज सकाळी तो तिच्यावर खडूने भाव लिहितो.