आधी दाणा चावून बघा

सत्त्व करायचं म्हटलं की आजी नाचणी रात्रभर भिजत घालायची, सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधायची. मोड आले की वाळवायची आणि सुपात घेऊन तळहाताने चोळून मोड झाडून टाकायची. त्या सत्त्वाची पेज साध्या पिठासारखी गच्च होत नाही. सैल राहते, किंचित गोड लागते. पुढे पुण्यातल्या एका छोट्या ब्रुअरीत माल्टची पोती पाहिली, तेव्हा कळलं की हे आजीचंच काम. फक्त नाचणीच्या जागी जव, म्हणजे आपला सातू.

मोड फुटताना दाण्यात विकरं तयार होतात आणि कोंबाच्या वाढीसाठी स्टार्चची साखर करू लागतात. पेज सैल पडते ती त्यांच्यामुळेच. ब्रुअरला तीच हवी असतात, कारण यीस्ट साखर खातं, स्टार्चला तोंड लावत नाही. माल्टवाले जव साधारण दोन दिवस भिजवतात, मधूनमधून निथळून हवा देतात. दाण्यातलं पाणी 45 टक्क्यांच्या आसपास गेलं की चार-पाच दिवस मोड येऊ देतात. सालीखालचा कोंब जवळजवळ दाण्याच्या लांबीएवढा सरकला की थांबायचं. उशीर केला तर ब्रुअरच्या वाट्याचं कोंबच खाऊन टाकतो.

मग भट्टी. शेवटी 80 ते 85 अंशांवर वाळवलेला पेल माल्ट फिकट राहतो आणि त्याची विकरं शाबूत असतात. शंभरीच्या आसपास म्युनिक माल्ट तयार होतो: तांबूस, पावाच्या खरपूस कडेसारखा, पण विकरं कमी. 200 अंशांपुढे भाजलेला माल्ट कॉफीसारखा काळा आणि कडवट. त्यात एकही विकर उरत नाही. क्रिस्टल माल्टची तऱ्हा वेगळी. तो ओला असतानाच 65 ते 70 अंशांवर वाफवतात. सालीच्या आतच साखर होते आणि भाजल्यावर काचेसारखी कडक बनते.

म्हणून माल्ट निवडताना रंगावर जाऊ नये, असं मी आग्रहाने सांगतो. हा धडा लंडनच्या ब्रुअरांना महागात पडून मिळाला. अठराव्या शतकात तिथली गडद पोर्टर बिअर लाकडाच्या आगीवर वाळवलेल्या ब्राऊन माल्टची असे. 1784 मध्ये जॉन रिचर्डसनने हायड्रोमीटरने मोजून दाखवलं की पेल माल्टमधून त्याहून बरीच जास्त साखर निघते. ब्रुअर पेल माल्टकडे वळले, पण पोर्टरचा रंग उतरला. जळक्या साखरेने तो भरून काढायचा मार्ग 1816 च्या कायद्याने बंद केला. पुढच्याच वर्षी डॅनिअल व्हीलरने कॉफी भाजतात तशा फिरत्या पिंपात माल्ट काळा भाजायचं पेटंट घेतलं. आता साखरेचं काम पेल माल्टने करायचं आणि रंगाला थोडासा काळा माल्ट पुरायचा. व्हीलरचं नाव फार लोकांना ठाऊक नाही, पण स्टाउटचा प्रत्येक ग्लास त्याचं देणं लागतो.

आजही हिशोब तोच आहे. बहुतेक बिअरमध्ये 80-90 टक्के माल्ट विकरंवाला असावा. पोत्याची निवड मन लावून करायची ती इथे, कारण बिअरचं अंग त्यातूनच येतं. 1965 सालचं इंग्लंडचं मॅरिस ऑटर हे जवाचं वाण शेतकऱ्याला उत्पन्न कमी देतं, तरी त्याच्या चवीसाठी ब्रुअर आजही जास्त पैसे मोजतात. क्रिस्टल 5 ते 10 टक्के पुरतो. वाढला की बिअर जिभेवर चिकट बसते. काळा 3-4 टक्क्यांच्या पुढे नेताना हात आवरावा.

ठरवण्याआधी चहा करून बघा. 50 ग्रॅम माल्ट दळा, 400 मिलिलिटर 65 अंशांच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा, गाळा आणि घोट घ्या. पेल माल्टच्या कपाला मध आणि ताज्या गवताचा वास येतो, म्युनिकच्या कपाला भाजल्या पावाचा.

त्याही आधी, पोतं उघडल्या उघडल्या एक दाणा दाढेखाली घ्या. चांगल्या माल्टमध्ये जेमतेम 4-5 टक्के ओल असते. तो कुरकुरीत फुटतो आणि जिभेवर पीठ गोड लागतं. टोकाशी खड्यासारखा कडक लागला, तर मोड नीट आलेले नाहीत. आपल्याकडे पावसाळ्यात उघडं पोतं पाहता पाहता सादळतं. दाणा चिवट लागला, तर ते पोतं परत पाठवा.