चेहऱ्यावरील भावरेषा आणि हेक्सापेप्टाइडयुक्त सीरम : खरेदीपूर्वीची माहिती

‘सुईविना बोटॉक्स’ अशा शब्दांत जाहिरात होणारी सीरमे व मलमे अलीकडे औषधांच्या दुकानांतून व घरपोच विक्रीतून सहज मिळतात. त्यांपैकी अनेकांतील मुख्य घटक ‘ॲसिटिल हेक्सापेप्टाइड-८’ हा असतो. ‘आर्जिरेलीन’ हे त्याचे व्यापारी नाव. तंजावर परिसरातील मराठी कुटुंबांना व दवाखान्यात येणाऱ्या नागरिकांना या घटकाविषयी शास्त्रीय माहिती मिळावी, यासाठी हे पत्रक आहे.

कपाळावरील आडव्या रेषा, भुवयांमधील उभ्या आठ्या व डोळ्यांच्या कोपऱ्यांतील बारीक रेषा यांना भावरेषा म्हणतात. तंजावरात त्यांचे कारण समजावून सांगणे सोपे आहे. दुसऱ्या सरफोजी राजांच्या दरबारातील ‘तंजावर चतुष्टय’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चार बंधूंनी ज्या नृत्याच्या शिक्षणक्रमाला घाट दिला, त्या भरतनाट्यमच्या अभिनयात भुवई उंचावली की कपाळाचा स्नायू आकुंचन पावतो आणि त्वचेला घडी पडते. घडी पुनःपुन्हा त्याच जागी पडत राहिली व वयानुसार त्वचेची लवचीकता घटली, की ती कायम दिसू लागते. हा रोग नव्हे. त्यावर उपचार केलाच पाहिजे असेही नाही.

स्नायूला आकुंचनाचा संदेश मज्जातंतूच्या टोकाकडून मिळतो. तेथील सूक्ष्म पिशव्यांत ॲसिटिलकोलीन हे रसायन साठवलेले असते. पिशवी पेशीच्या भिंतीशी जोडली जाऊन उघडण्यासाठी स्नॅप-२५, सिंटॅक्सिन व व्हॅम्प ही तीन प्रथिने वेणीच्या पेडांप्रमाणे एकमेकांत गुंफली जावी लागतात. हेक्सापेप्टाइड ही सहा अमिनो आम्लांची कृत्रिम साखळी असून ती स्नॅप-२५ च्या एका टोकाची नक्कल आहे. खऱ्या पेडाची जागा अडवून वेणी सैल ठेवावी, अशी तिच्यामागील कल्पना. बोट्युलिनम विष मात्र स्नॅप-२५ चे प्रथिनच कापते व त्यासाठी ते स्नायूत टोचले जाते. दोघांचे लक्ष्य एक असले तरी सामर्थ्य एक नाही. जाहिरातीतील तुलना येथेच दिशाभूल करते.

या घटकावरील संशोधन अगदीच पोकळ नाही. स्पेनमधील शास्त्रज्ञांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १० स्त्रियांनी ३० दिवस मलम लावल्यावर सुरकुत्यांची खोली ३० टक्क्यांपर्यंत घटल्याचे नोंदवले. चीनमध्ये ६० जणांवर चार आठवडे झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ साली आले. त्यात पेप्टाइड लावणाऱ्यांपैकी निम्म्याच्या जवळपास व्यक्तींत सुधारणा आढळली. परंतु सहभागी थोडे आणि कालावधी महिनाभराचा. मुख्य अडचण त्वचेचीच आहे. साधारणपणे ५०० डाल्टनहून मोठे रेणू त्वचेच्या बाह्य थरातून सहज आत जात नाहीत, आणि या पेप्टाइडचे वजन सुमारे ८८९ डाल्टन आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगशालेय तपासणीत लावलेल्या पेप्टाइडचा बहुतांश भाग त्वचेवरून धुऊनच निघाला. आत शिरलेला अंश एक टक्क्याहूनही कमी होता. सीरम लावल्यावर त्वचा मऊ वाटते त्याचे श्रेय पुष्कळदा त्यातील ग्लिसरीनसारख्या ओलावा धरणाऱ्या घटकांना जाते. ते तर स्वस्त मलमांतही असतात.

बाटलीवरील ‘१० टक्के’ या आकड्याकडे सावधपणे पाहावे. हा घटक उत्पादकांना बहुधा द्रावणाच्या रूपात मिळतो व त्या प्रचलित द्रावणात प्रत्यक्ष पेप्टाइड ०.०५ टक्के असते. असे द्रावण १० टक्के मिसळले, तर बाटलीतील पेप्टाइड ०.००५ टक्के भरते. किंमत मात्र मोठ्या आकड्याची आकारली जाते.

सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० अन्वये प्रसाधनाविषयी खोटा वा दिशाभूल करणारा दावा करण्यास मनाई आहे. वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, तुकडी क्रमांक, वापराची अंतिम मुदत व घटकांची यादी पाहावी. आयात मालावर नोंदणी क्रमांकही असावा. हे नसलेली बाटली घेऊ नये, आणि संशय आल्यास औषध निरीक्षकांकडे तक्रार करावी.

कोणतेही सीरम सुईने टोचून घेऊ नये. हा धोका काल्पनिक नाही: बाहेरून लावण्याचे प्रसाधन त्वचेखाली गेल्यास जंतुसंसर्ग, गाठी व तीव्र ॲलर्जी होऊ शकते. बोट्युलिनमचे इंजेक्शन हेही औषधच आहे. ते प्रशिक्षित डॉक्टरांकडूनच घ्यावे, सौंदर्यप्रसाधनगृहात नव्हे. गर्भवती व स्तनदा मातांनी, तसेच स्नायूंच्या दुर्बलतेचा आजार असलेल्यांनी, अशा कोणत्याही उपचारापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

कावेरीच्या खोऱ्यात बहुतेकांच्या त्वचेचे अधिक नुकसान ऊन करते. दुपारी छत्री वा पदर, उघड्या भागावर एसपीएफ ३० किंवा अधिक क्षमतेचे सनस्क्रीन, आणि तंबाखूपासून दूर राहणे, यांचा लाभ कोणत्याही पेप्टाइडपेक्षा अधिक खात्रीचा आहे.

तरीही सीरम वापरावयाचे असल्यास प्रथम कोपराच्या आतील बाजूस थोडे लावून दोन दिवस पाहावे. खाज, लाली वा सूज आल्यास वापर थांबवावा व बाटली वेष्टनासह घेऊन त्वचारोग बाह्यरुग्ण विभागात यावे. पापणी अचानक खाली झुकणे, तोंड एका बाजूस वाकडे होणे किंवा बोलणे अडखळणे, यांचा दोष सीरमला देऊन घरी वाट पाहू नये; तो पक्षाघात असू शकतो. अशा वेळी तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.