बिनभिंतींचा तुरुंग

तुरुंग म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? उंच भिंती, लोखंडी गज आणि बंदूकधारी पहारेकरी! पण सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ एक वेगळाच तुरुंग आहे. तिथे कैदी शेती करतात, बायकामुलांसह राहतात. नाव काय ठाऊक आहे? स्वतंत्रपूर!

ही वसाहत १९३९ सालची. तेव्हा हा भाग औंध संस्थानात होता. राजे होते भवानराव पंतप्रतिनिधी. मॉरिस फ्रिडमन या गांधीवादी पोलिश इंजिनिअरची कल्पना त्यांनी उचलून धरली.

माणूस गुन्हा का करतो? कुणी पोटासाठी, कुणी हावेपोटी, कुणी रागाच्या भरात, कुणी दारूच्या नशेत, तर कुणी वाईट संगतीने. पण 'गरीब म्हणजे चोर' असं समजू नका हं! असंख्य गरीब माणसं कष्टाचीच भाकरी खातात आणि बंगल्यात राहणारेही लबाडी करतात. कारण काहीही असो, ज्याचं नुकसान झालं त्याचं दुःख खरंच असतं. म्हणून शिक्षा हवीच.

पण शिक्षा भोगून कैदी परत येतो तो आपल्यातच ना? त्याला कुणी काम दिलं नाही, शेजाऱ्यांनी दारं लावून घेतली, तर तो पुन्हा जुन्याच वाटेला लागण्याची भीती असते. म्हणून स्वतंत्रपुरात कैद्यांच्या हाती शेतीची अवजारं दिली आणि त्यांच्यावर विश्वास टाकला. अर्थात सरसकट सगळ्यांवर नाही! अशा खुल्या तुरुंगात चांगल्या वागणुकीचे कैदी निवडून पाठवतात. पळून जाणं सोपं असूनही न पळणं, हीच त्यांची परीक्षा!

याच प्रयोगावरून व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. कथा ग. दि. माडगूळकरांची. त्यांचं जन्मगाव शेटफळे आटपाडी तालुक्यातलंच! नावातले बारा हात सहा कैद्यांचे आणि दोन डोळे त्यांच्या जेलरचे. आई-बाबांबरोबर जरूर पाहा.

आता तुमच्या वर्गाकडे या. कुणी पेन चोरलं, तर ते परत करायला लावा, माफीही मागू द्या. पण मग वर्षभर त्याला 'चोर' अशीच हाक मारायची का? आणि ज्याचे बाबा तुरुंगात आहेत, त्या मुलाने तर काहीच केलेलं नसतं. त्याला तुम्ही खेळायला घ्याल ना?