नायगाव कोणते? एकाच नावाची गावे आणि आपल्या नोंदी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. धर्माबाद येथे राहणाऱ्या एका ख्रिस्ती कुटुंबातील कन्येचा विवाह पुण्यातील तरुणाशी ठरला. विवाहापूर्वी वधूवरांच्या स्नानसंस्काराचे दाखले मागवावे लागतात, हे आपणां सर्वांस ठाऊक आहेच. कन्येच्या वडिलांनी सांगितले, "स्नानसंस्कार नायगावला झाला." पत्र लिहिणाऱ्याने तेवढेच लिहून घेतले आणि पत्र वसईकडील नायगावला रवाना झाले. तेथील धर्मगुरूंनी नोंदवह्या चाळून प्रामाणिकपणे उत्तर पाठविले की, या नावाची नोंद आढळत नाही. झाले! मुलीचा स्नानसंस्कार झाला आहे की नाही, अशी कुजबुज वराच्या घरी सुरू झाली. निष्पाप मुलगी आणि तिचे आईवडील अकारण संशयाच्या छायेत आले.

कुटुंब ज्या नायगावाविषयी बोलत होते, ते नांदेड जिल्ह्यातील नायगाव होते. सरकारदरबारी ते नायगाव (खैरगाव) म्हणून ओळखले जाते आणि धर्माबादपासून फार लांबही नाही. पश्चिम रेल्वेवर भाईंदर आणि वसई रोड यांच्यामध्ये लागते ते नायगाव वेगळे. मुंबईत दादरजवळचे नायगाव आणखी वेगळे. सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यातले नायगाव तर सावित्रीबाई फुले यांचे जन्मस्थान म्हणून साऱ्या महाराष्ट्राला परिचित आहे. पुण्यातल्या माणसाच्या मनात 'कॅथलिक' आणि 'नायगाव' हे दोन शब्द एकत्र आले की वसईच येणार. त्यात त्याचा दोष तरी काय?

या प्रसंगानंतर आम्ही आपल्या मराठवाड्याच्या नकाशाकडे थोडे अधिक लक्ष देऊन पाहू लागलो. तेव्हा जे दिसले त्याने आम्ही थक्क झालो. 'शिरूर' हेच नाव घ्या. लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ हा तालुका आहे आणि त्याच जिल्ह्यात अहमदपूरजवळ शिरूर ताजबंद आहे. बीड जिल्ह्यात शिरूर कासार आहे. पुणे जिल्ह्यातील शिरूरला जुनी माणसे अजूनही घोडनदी म्हणतात. कळंब धाराशिव जिल्ह्यात आहे, तसे यवतमाळ जिल्ह्यातही आहे. आष्टी बीडमध्ये आणि वर्ध्यात. सेलू परभणीत आणि पुन्हा वर्ध्यातच. मालेगाव म्हटले की वर्तमानपत्र वाचणाऱ्याला नाशिक जिल्हा आठवतो. वाशिम जिल्ह्यातला माणूस आपल्या तालुक्याचा विचार करतो. आणि आपल्या लोहा तालुक्यातील शेतकऱ्याला मात्र खंडोबाच्या यात्रेचे मालेगाव सोडून दुसरे कोणतेही मालेगाव सुचत नाही. खुद्द 'नांदेड' हे नावही एकट्या आपल्या जिल्ह्याचे राहिलेले नाही. पुण्याजवळ हवेली तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे आणि तेथे उभारलेल्या वसाहतीला 'नांदेड सिटी' असे म्हणतात. गोदातीरावरच्या नांदेडकराला हे नाव प्रथम ऐकताना गंमत वाटते.

असे का होते, याचे उत्तर अवघड नाही. आपल्या पूर्वजांनी गावाला नाव देताना डोळ्यांसमोर जे होते ते घेतले. वडाखाली वसले ते वडगाव, पिंपळाशेजारचे पिंपळगाव, बोरींच्या रानातले बोरगाव, चिंचांचे चिंचोली, उंबराचे उमरी. धर्माबाद तालुक्यातील बाभळी हे गाव गोदावरीवरील बंधाऱ्यामुळे आणि २०१३ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे देशभर गाजले. परंतु बाभूळ काही एकाच शिवारात उगवत नाही. नाव देणाऱ्याला पंचक्रोशीपलीकडच्या गावाशी कर्तव्य नव्हते. बैलगाडी दिवसभरात जाईल तेवढेच त्याचे जग होते आणि त्या जगात ते नाव एकमेव होते.

पंचक्रोशीतच दोन गावांचे नाव सारखे आले, तर त्यावर मध्ययुगीन महसूल कारभाराने सोपा उपाय केला. मूळ गाव मोठे म्हणून 'बुद्रुक', त्यातून फुटून वसलेले धाकटे म्हणून 'खुर्द'. हे दोन्ही शब्द फारसीतून आले आहेत. पहिल्याचा मूळ शब्द 'बुजुर्ग', म्हणजे थोर. पुढे कित्येक ठिकाणी खुर्द वाढले आणि बुद्रुक मागे पडले, तरी नावे बदलली नाहीत. धाकट्या भावाची उंची वाढली म्हणून तो थोरला होत नाही, तसेच हे. 'आबाद' हा प्रत्ययही फारसीच, अर्थ 'वसलेले'. धर्माबाद या नावात संस्कृत 'धर्म' आणि फारसी 'आबाद' एकमेकांशेजारी गुण्यागोविंदाने नांदत आहेत. मात्र घाईघाईने लिहिताना धर्माबादचे 'धर्मापुरी' करणारेही आम्ही पाहिले आहेत. धर्मापुरी बीड जिल्ह्यात आहे, तेलंगणात गोदावरीकाठी आहे आणि तामिळनाडूत तर त्या नावाचा संपूर्ण जिल्हाच आहे!

नावे तंतोतंत सारखी नसूनही घोटाळा करणारी एक जोडी आपल्याच जिल्ह्यात आहे. मुखेड आणि मुदखेड. दोन्ही तालुक्यांची ठिकाणे. मुदखेड हे रेल्वेचे जंक्शन, मुखेडला रेल्वे नाही. एका 'द'ने पाहुणा भलतीकडे पोहोचतो. लातूरचेही तसेच आहे. लातूर रोड हे स्थानक लातूर शहरात नाही, ते चाकूरच्या बाजूला आहे, आणि रात्री अपरात्री तेथे उतरलेल्या नवख्या प्रवाशाची जी अवस्था होते ती सांगण्याची गरज नाही.

सीमाभागात याला आणखी एक पदर आहे. १९५६ साली हैदराबाद राज्याचे विभाजन झाले, तेव्हा नांदेड जिल्ह्यातील मुधोळ तालुका भैंशासह तेलुगू भाषक प्रदेशात गेला. धर्माबादच्या माणसाचे मुधोळ ते हे, बासरच्या पलीकडचे. कोल्हापूरकडच्या माणसाला विचाराल तर तो घोरपड्यांच्या संस्थानाचे आणि शिकारी कुत्र्यांचे मुधोळ सांगेल. ते कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात आहे.

हा प्रश्न केवळ आपलाच आहे असे नाही. चीनसारख्या विशाल देशात ग्रामीण भागातील असंख्य खेड्यांची नावे घराण्यांवरून पडली आहेत, आपल्या शिंदेवाडी किंवा जाधववाडीप्रमाणे, आणि म्हणून ती पुन्हा पुन्हा येतात. तालुक्याएवढ्या प्रदेशाच्या मुख्य गावाला तेथे 'चेंगक्वान' म्हणण्याची रीत होती, म्हणजे नगरकोटाच्या वेशीलगतचा भाग. त्यामुळे या नावाची गावे प्रांतोप्रांती सापडतात. १९१४ साली तेथील नव्या प्रजासत्ताकाने समान नावाच्या अनेक परगण्यांची नावे सरळ बदलून टाकली. तरीही परक्यांचा गोंधळ संपला नाही. फूचौ हे फूज्येन प्रांताच्या राजधानीचे नाव, आणि शेजारच्या ज्यांगशी प्रांतातही फूचौ आहे. चिनी लिपीत दोन्हींची अक्षरे वेगळी आहेत आणि उच्चारातील स्वराचा चढउतारही वेगळा आहे. रोमन लिपीत किंवा देवनागरीत आणले की हा भेद नाहीसा होतो. आपल्याकडे कधी नेमके उलट घडते. नवी मुंबईतील वाशी आणि धाराशिव जिल्ह्यातील वाशी यांची इंग्रजी स्पेलिंगे वेगळी आहेत, पण मराठीत लिहिले की दोन्ही एकच! चीनप्रमाणे सरसकट नामांतर करण्यापेक्षा अनंतपाळ, कासार, ताजबंद अशी विशेषणे जोडण्याची आपली जुनी पद्धत आम्हांस अधिक सुज्ञ वाटते. गावाचे नाव गावापाशी राहते आणि ओळखही पटते.

पवित्र शास्त्राच्या वाचकाला ही पद्धत अपरिचित नाही. बेथलेहेम दोन होती. जबुलून वंशाच्या वाट्याला आलेल्या गावांच्या यादीत यहोशवाच्या पुस्तकात एक बेथलेहेम येते, ते उत्तरेकडे, नाझरेथपासून जवळ. म्हणूनच मीखा संदेष्टा आपल्या भाकितात 'एफ्राथा' हा शब्द जोडतो आणि संत मत्तय आवर्जून यहूदियातील बेथलेहेम असे नमूद करतो. प्रेषितांच्या कृत्यांत अंत्युखियाही दोन आहेत, एक सिरियातील आणि दुसरे पिसिदियातील.

आधुनिक काळात हे काम आकड्यांकडे सोपविण्यात आले. १५ ऑगस्ट १९७२ रोजी आपल्या देशात टपालाचा पिनकोड सुरू झाला. त्याची कल्पना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याची. ते संस्कृतचे कवीही होते, ही बाब आम्हांस विशेष आनंददायक वाटते. सारखी नावे, अनेक भाषा आणि चुकीचे पत्ते यांतून मार्ग काढण्यासाठीच ही सहा आकड्यांची योजना होती. पुढे २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला स्वतःचा सहा अंकी क्रमांक मिळाला. परंतु आकडेही सावधपणे लिहावे लागतात. नांदेड जिल्ह्याचे पिनकोड ४३१ ने सुरू होतात आणि लातूरचे ४१३ ने. दोन आकड्यांची अदलाबदल झाली की पत्र शेजारच्या जिल्ह्यात!

नामांतरांमुळे जुन्या नोंदी वाचताना आता अधिक दक्षता हवी. २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. १९७७ साली आपला धर्मप्रांत स्थापन झाला तो औरंगाबाद या नावाने, आणि त्या काळच्या कागदांवर तेच नाव राहणार. बिहारमध्ये औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे तो आहेच. हिमायतनगरचे जुने नाव वाढोणा. आजोबांच्या दाखल्यावर वाढोणा आणि नातवाच्या दाखल्यावर हिमायतनगर असे असले, तरी घर एकच असू शकते. किल्लारीच्या ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. तेथे तर एकाच नावाचे जुने गाव आणि नवे गाव अशी दोन ठिकाणे झाली, आणि दफनभूमीची किंवा जमिनीची चौकशी करणाऱ्याला कोणते ते विचारावेच लागते.

आता त्या कन्येविषयी. वसईचे उत्तर आल्यावर तिच्या वडिलांनी आमच्याकडे धाव घेतली. आम्ही त्यांना एवढेच विचारले, "त्या वर्षी तुम्ही कोठे राहत होता, आणि कोणते धर्मगुरू येत असत?" त्यांना गावाचा रस्ता, घरामागचे चिंचेचे झाड आणि फादरांची मोटारसायकल आठवली. त्या काळी फिरतीवर असलेल्या धर्मगुरूंची वही एका दूरच्या धर्मग्रामात जपून ठेवलेली निघाली. मुलीचे नाव, आईवडिलांची नावे, तारीख, सारे काही होते. गावाच्या रकान्यात स्वच्छ अक्षरांत लिहिले होते, 'नायगाव, तालुका बिलोली'. नायगाव तेव्हा बिलोली तालुक्यात मोडत असे, त्याचा स्वतंत्र तालुका नंतर झाला. विवाह ठरलेल्या दिवसाऐवजी तीन आठवड्यांनी पार पडला, आणि वराच्या आईने ती झेरॉक्स प्रत स्वतः मागून घेतली.