खलनायकाचा पहिला अंक

जुन्या चित्रकथा जमविणाऱ्या मंडळींत एक मौजेची चाल आहे. नायकाच्या पहिल्या अंकाचा मान अर्थात् मोठा. परंतु त्याच्या खालोखाल शोध होतो तो खलनायक ज्यांत प्रथम प्रकटला त्या अंकाचा. अमेरिकेंत १९४० सालीं दहा सेंटांना मिळणारा ‘बॅटमॅन’चा पहिला अंक आज अपार मोलाचा ठरतो, त्याचें एक कारण त्यांतील जोकर. या विदूषकी चेहऱ्याच्या गुन्हेगाराला त्याच अंकांत मारून टाकण्याचा बेत होता! संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांच्या सांगण्यावरून शेवटीं एक चित्र वाढविलें गेलें आणि स्वारी वांचली. दुष्ट पुन्हां येणार हें निर्मात्यांनाच ठाऊक नसेल, तर वाचकानें तो अंक जपून कां ठेवावा? दुर्मिळतेचें मूळ बहुधा येथेंच आहे.

आपल्या पुराणिकांना ही गोष्ट केव्हांच उमगली होती. रावणाची कथा लंकेंत सुरू होत नाहीं. ती वैकुंठाच्या दारीं, सनकादिकांना अडविणाऱ्या जय-विजयांपासून सुरू होते.

आपल्याकडे हा छंद ‘इंद्रजाल कॉमिक्स’भोंवतीं फिरतो. मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या प्रकाशनसंस्थेनें ही माला मार्च १९६४ मध्यें सुरू केली व ती १९९० पर्यंत चालली. पहिलाच अंक वेताळाच्या पट्ट्याचा. वेताळाच्या पित्याचा घात करणाऱ्या चांच्याची ती कथा. ली फॉक यांनीं हे चांचे १९३६ सालीं ‘सिंग’ या नांवानें निर्मिले होते. भारतीय आवृत्तींत त्यांचे ‘सिंगा’ झाले. शीख बांधवांचें मन दुखवूं नये हा हेतु उघड दिसतो. खलनायकाचें जणूं येथें दुसरें बारसें झालें!

ही माला मराठींतूनही निघे, आणि माझ्या मतें चिंता वाहावी ती या मराठी अंकांचीच. इंग्रजी कथा जगांत कोठें तरी सांपडेल; मराठी बोलणारा चांचा मात्र त्या पानांपलीकडे कोठेंच नाहीं. हिंगोली तेव्हां परभणी जिल्ह्यांत होती. स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजीं झाला. निजामी अमदानींत येथील वडीलधाऱ्यांना वरचें शिक्षण उर्दूंतून घ्यावें लागे. त्यांच्या नातवंडांच्या हातीं मराठी वेताळ आला, ही गोष्ट लहान नव्हे.

वाटण्या होतात तेव्हां तांब्या-पितळेचीं भांडीं मोजलीं जातात; माळ्यावरील पेटी कोणाच्याच वांट्याला येत नाहीं, आणि मग ती रद्दीवाल्याच्या तराजूंत जाते. तत्पूर्वीं घरांतील एखाद्या काकांनीं किंवा आत्याबाईंनीं ती एकवार उघडावी. मुखपृष्ठावर कोणी शाईनें नांव घातलें असेल तर तें खोडूं नये. फाटल्या जागीं चिकटपट्टी नको. तिचा डिंक कागद पिवळा करतो. पेटी भिंतीपासून दूर व जमिनीपासून उंच ठेवावी, नाहीं तर पावसाळ्यांत वाळवी आपलें काम करतेच. दसऱ्याला पाटी-पुस्तकें पूजेला काढतोंच, तेव्हां हे अंकही हवेवर मांडावे. मात्र सावलींत, कारण उन्हानें वेताळाचा जांभळा पोशाख विटतो.